पुढचे शॉकअप घरी बदलण्याबाबत खुलासा

"जॅक आणि पाना असला की चारही शॉकअप घरीच बदला, गॅरेजची मजुरी वाचवा" हा मेसेज सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असलेल्या गाडीचे मागचे शॉकअप, गाडी नीट स्टँडवर ठेवून, घरी बदलता येतात; मी बदललेत. पण पुढे बहुतेक गाड्यांत मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला भाग) असतो आणि त्यात स्प्रिंग दाबून बसवलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) न लावता वरचा मधला नट सोडला तर ती उसळते, जिवावर बेतू शकतं. माझ्या मेकॅनिकने कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आवळला, स्प्रिंग हाताने फिरू लागली, तेव्हाच नटाला पाना लावला. नंतर व्हील अलाइनमेंट करावी लागली ती वेगळीच. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.