परसातला पूल कसा निवडावा

एप्रिलमध्ये बनियन पाठीला चिकटलं की सुशिक्षित मुंबईकराच्या मनात येतंच, आपल्या परसात पोहायला एक पूल असता तर! विचार रास्त आहे. पगार, कार्पेट एरिया, नळाला पाणी येण्याची वेळ असल्या क्षुल्लक गोष्टी आठवून स्वतःला खच्ची करून घेऊ नका. अलिबागला तुमच्या मावसभावाने केला, तुम्हीच काय घोडं मारलंय?

सगळ्यात आधी परस शोधा. खोताच्या वाडीत किंवा गोराईला तुमचं वाडवडिलांचं घर असेल तर प्रश्नच मिटला. पण मग हे वाचायलाही तुम्हाला वेळ नसेल, कारण बिल्डर हॉलमध्ये बसला असेल. चाळीत राहणाऱ्यांकडे हाऊस गल्ली आहे. दोन इमारतींमधली, सांडपाण्याच्या पाइपांनी वेढलेली, उंदरांनी सांभाळलेली. बारमाही ओलावा तिथे आधीच आहे. फ्लॅटवाल्यांनी ड्राय बाल्कनी धरावी. वॉशिंग मशीन, सिलिंडर आणि मागच्या दिवाळीचे रंगाचे डबे हलवले की चार बाय तीन फूट जागा निघते, आणि उभ्याने पोहायला एवढी पुष्कळ झाली.

आता प्रकार. काँक्रीटचा पूल सगळ्यात टिकाऊ. खड्डा खणायचा, सळ्यांची जाळी बांधायची, तिच्यावर दाबाने काँक्रीट फवारायचं आणि काही महिने वाट बघायची. यातला खड्डा आणि वाट बघणं हा भाग तुमच्यासाठी फुकट झालेला असण्याची शक्यता मोठी आहे. रस्त्याच्या काँक्रीटीकरणासाठी बिल्डिंगसमोर खणून ठेवलाय तो खड्डा एकदा नीट पाहून घ्या. खोली उत्तम आहे, बाजूने बॅरिकेड आहे, रात्री लाल दिवासुद्धा लागतो. फक्त टाइल्स तुमच्या.

घाई असेल त्यांनी फायबरग्लासचा घ्यावा. हा कारखान्यातून तयार टबासारखा येतो; ट्रेलरवरून आणायचा, क्रेनने उचलायचा आणि खड्ड्यात बसवायचा, की झालं. तुमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लावलेल्या स्कूटर, मांडवाचे न काढलेले बांबू आणि डोक्यावरून गेलेल्या केबलच्या वायरी एवढंच काय ते मध्ये येईल. नगरसेवकाशी बोलून ठेवा, म्हणजे उद्घाटनालाही कोणीतरी मिळेल. एक बारीकशी गोष्ट मात्र सेल्समन सांगणार नाही. जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना पूल रिकामा केला, तर खालचं पाणी अख्खा टब वर ढकलतं. दक्षिण मुंबईचा बराच भाग समुद्रात भराव घालून केलेला, त्यात आपला जुलै. सकाळी उठाल तेव्हा पूल होडीसारखा तिरका होऊन शेजाऱ्याच्या अंगणात डोकावत असेल. घाबरू नका, फक्त तो कधीही रिकामा करू नका.

व्हिनाइलचं अस्तर लावलेला पूल स्वस्त, पण अस्तर सात-दहा वर्षांनी बदलावं लागतं. पत्र्यावर निळी ताडपत्री घालणाऱ्यांना हे तंत्र नव्याने शिकवायला नको. इन्फिनिटी पूलमध्ये एका कडेवरून पाणी सतत सांडत राहतं, खालच्या टाकीत जमतं आणि पंपाने परत वर येतं. ड्राय बाल्कनीत ते खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जमेल आणि काकू स्वतः वर येतील.

गच्चीचा मोह बऱ्याच जणांना होतो. किल्ली सेक्रेटरीकडे असते ती पापडांच्या निमित्ताने मिळवता येते, पण वजनाचं गणित आधी करा. राहत्या घराची स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलो भार धरून बांधतात, गच्चीची त्याहूनही कमी. आणि एक मीटर खोल पाणी म्हणजे चौरस मीटरला 1,000 किलो. त्यामुळे कमरेइतक्या पाण्यात तुम्ही सुरुवात वरच्या मजल्यावर कराल आणि पोहत पोहत खालच्यांच्या दिवाणखान्यात पोहोचाल. इमारत पुनर्विकासात अडकली असेल तर मात्र हा उपाय गांभीर्याने घ्यावा. धोकादायक इमारतीचा दाखला मिळवायला लोक वर्षानुवर्षं खेटे घालतात.

निसर्गप्रेमी वाचकांसाठी क्लोरीनविरहित नैसर्गिक तळं आहे, वनस्पती आणि खडीच पाणी साफ करतात. बाकी जीवसृष्टी आपोआप येते. आधी डास येतील, डासांमागून शिडी घेऊन महापालिकेचे कीटकनाशकवाले येतील, पाण्यात गप्पी मासे सोडतील नाहीतर हातात नोटीस ठेवतील. या शहराला साठलेल्या पाण्याचं वावडं जुनं आहे. 1911 मध्ये मलेरियाची चौकशी झाली, डासांचा ठपका घराघरातल्या विहिरींवर आला आणि पुढे त्या बुजवायचा, झाकायचा सपाटाच लागला. चर्चगेटजवळची 1725 सालची भिका बेहराम विहीर त्यातूनही टिकली, पण तिच्यापाठी पारशांची श्रद्धा होती. तुमच्यापाठी कोण आहे? आणि जीवसृष्टी फक्त नैसर्गिक तळ्यातच येते असंही नाही. 2023 च्या ऑक्टोबरात दादरच्या महापालिकेच्या जलतरण तलावात, चांगल्या क्लोरीनच्या पाण्यात, मगरीचं पिल्लू सापडलं होतं. सभासद नव्हतं.

खर्च करायचाच नसेल तर पावसाळी पूल. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावाजलेली ठिकाणं. पाऊस आणि साडेचार मीटरची भरती एका मुहूर्तावर आली की समुद्र नाल्यांचं पाणी घेत नाही आणि पूल भरतो. आता हिंदमाताचं पाणी परळ आणि दादरला मैदानाखाली बांधलेल्या टाक्यांत पंपाने नेऊन ठेवतात, त्यामुळे तिथला हंगाम थोडा मंदावलाय. ठिकाण निवडताना उपनगरालाच पसंती द्या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि कुलाब्याला 73. श्रीमंत वस्तीत सोयी चांगल्या असतात हा आपला गैरसमज आहे.

पूल झाला, आता भरायचा. आठ मीटर लांब, चार रुंद, दीड खोल असा आटोपशीर कौटुंबिक पूल घेतला तर 48,000 लिटर. सरकारी मापदंडाने शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी लागतं, म्हणजे एका माणसाचं जवळजवळ वर्षाचं पाणी तुमच्या पाठीखाली. डोळे मिटून तरंगताना हा आकडा फार सुखावतो. वर बाष्पीभवन आहे, फिल्टर उलटा धुताना जाणारं पाणी आहे, आणि मुलं बादलीने बाहेर फेकतात ते आहे.

हे पाणी येतं कुठून, असं पाहुणे हमखास विचारतात, तेव्हा उत्तर तयार ठेवा. सात तलाव. विहार आणि तुळशी इथलेच, मुंबईतले. बाकी तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि सगळ्यात मोठा भातसा. भातसा धरण शहापूर तालुक्यात. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो आणि तो आला की बायका हंडे घेऊन धावतात. आपली जलवाहिनी मात्र सरळ इकडे येते, वाटेत कुठे थांबून उशीर करत नाही. पाहुण्यांना हे एवढं सविस्तर सांगू नका, ते कोल्ड्रिंक खाली ठेवतात.

आता खरा सल्ला. हा सगळा खटाटोप नको असेल तर पुनर्विकासात पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या डोक्यावरच्या सामाईक गच्चीवर, पूल मागून घ्या. ब्रोशरमधल्या चित्रात त्या पुलाकाठी एक गोरं जोडपं आरामखुर्चीत पहुडलेलं असतं. ताबा मिळाल्यावर तिथे आपले अण्णा बर्म्युडा घालून पाय बुडवून बसलेले दिसतात. त्यांना उठवण्याची कोणाची टाप नाही. पहिल्या सर्वसाधारण सभेत पूल हा एकच विषय चार तास पुरतो. पहिल्या मजल्यावरच्यांना आवाजाचा त्रास आहे. एकविसाव्या मजल्यावरच्यांचं म्हणणं, आम्हाला तो फक्त वरून दिसतो तर मेंटेनन्स पूर्ण का? बायकांची वेळ वेगळी हवी असं जे पुरुष ठासून सांगतात त्यांच्या बायकांना कोणी विचारलेलं नसतं. कुत्र्यांबद्दल उपसमिती नेमली जाते. कामवाल्या बाईंच्या मुलाने परवा पाण्यात हात घातला होता, याचं सीसीटीव्ही फुटेज खजिनदार मोबाइलवर सगळ्यांना दाखवतात. ‘बघा, कोपरापर्यंत!’ त्यावर पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, तपासून घ्यावा असा ठराव एकमताने मंजूर होतो. तो 7.2 ते 7.8 मध्ये असावा लागतो. तपासला तर बरोबरच निघतो, पण ठराव रद्द करायला पुन्हा सभा लागते.

दुसऱ्या वर्षी लाइफगार्डला पगार परवडत नाही म्हणून पूल सकाळी सहा ते सात एवढाच उघडा राहतो. तिसऱ्या वर्षी पंप जळतो. मग त्यावर जाळी अंथरतात, आणि गणपतीत तिच्या कडेने कुंड्या मांडून सत्यनारायण होतो. फ्लॅट विकताना मात्र जाहिरातीत ‘स्विमिंग पूल’ लिहायला विसरू नका.

तरीही स्वतःचाच हवा म्हणत असाल तर राहिला टँकर. दहा हजार लिटरचा धरला तर वरच्या पुलाला पाच लागतील. पाणीकपात जाहीर झाली की दर वाढतो, म्हणून धरणांच्या साठ्याची बातमी शेअरबाजारासारखी रोज बघत जा. 2025 च्या एप्रिलमध्ये भूजलाच्या परवान्यांवरून टँकरवाल्यांनी संप केला होता आणि भल्याभल्या टॉवरना बादलीने आंघोळ कशी करतात ते आठवावं लागलं. तेव्हा टँकरवाल्याशी संबंध घरच्यासारखे ठेवा. त्याला दादा म्हणा, दिवाळीला मिठाईचा बॉक्स द्या, त्याच्या मुलीच्या दहावीच्या निकालाची चौकशी करा. आणि गाडी रात्री अकरानंतरच बोलवा. गेटवर कोणी विचारलं तर सांगा, वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गेलाय.