तीन मिनिटांचा नियम सरसकट नको

लेखात म्हटलंय की टर्बो गाडी (जिच्यात गरम धुराच्या जोरावर फिरणारा टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो) बंद करण्याआधी दर वेळी तीन मिनिटं इंजिन चालू ठेवावं. कारण बरोबर दिलंय, पण 'दर वेळी' पटलं नाही.

टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. तेलाचा पंप चालतो इंजिनवर. जोरात पळवून आणून लगेच चावी फिरवली की तेलाचा प्रवाह थांबतो, टर्बाइनकडची (धुरानं फिरणाऱ्या तापलेल्या चाकाकडची) उष्णता मात्र दांडीच्या बेअरिंगकडे सरकत राहते. तिथं अडकलेलं तेल करपतं, पातेल्याच्या तळाला दूध करपावं तसं. हा कोळसा साचून तेलाची वाट अरुंद होते. पण शेवटचे चार-पाच किलोमीटर गाडी निवांत आली असेल तर टर्बो वाटेतच थंड झालेला असतो. मग थांबायचं कशाला? भरवेगात येऊन थेट पेट्रोल पंपावर वळलात, किंवा लांब चढ चढून माथ्यावर थांबलात, तर मिनिटभर थांबा.

शिवाय आता बऱ्याच टर्बोंना पाण्याचं कूलिंग असतं. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही छोटा विजेचा पंप पाणी फिरवत राहतो. (तो आवाज ऐकून मी एकदा बॅटरीची वायर काढायला निघालो होतो!)

माझ्या मते खरं दुखणं वेगळंच आहे: ऑइल बदलायला उशीर करणं आणि थंड इंजिन सुरू होताच रेस देणं. त्यावर लेखात एकच ओळ आहे.