डॉक्टर स्वतः विकतात ती सप्लिमेंट्स घ्यावीत का?

केबिनमध्ये तपासणी संपते, औषधं लिहून होतात आणि मग मागच्या कपाटातून सप्लिमेंटचा, म्हणजे जीवनसत्त्वं-खनिजं वगैरेंच्या गोळ्यांचा, एक डबा टेबलावर येतो. "हे आमच्याकडेच मिळतं, बाहेरचं घेऊ नका." त्या क्षणी बहुतेक पेशंट काहीच विचारत नाहीत. समोरच्या माणसाच्या हातात आपले रिपोर्ट असतात, पुन्हा त्यांच्याकडेच यायचं असतं, आणि "नको" म्हटलं तर त्यांना काय वाटेल याची धाकधूक असतेच. दुकानात आपण वस्तू उलटसुलट करून बघतो, पटली नाही तर जागेवर ठेवून देतो. केबिनमध्ये तेवढं धाडस होत नाही. म्हणूनच मला वाटतं, डॉक्टरांच्या टेबलावरून घेतलेला डबा दुकानातल्या डब्यापेक्षा जास्त कसून तपासायला हवा. आपण नेमकं उलट करतो.

सप्लिमेंट विकणारा प्रत्येक डॉक्टर पेशंटला लुबाडतो असं मी अजिबात म्हणत नाही. काहींचं कारण खरंच प्रामाणिक असतं. सांगितलं एक आणि पेशंट आणतो भलतंच, कधी मात्रा चुकते, कधी बनावट माल हाती लागतो, त्यापेक्षा खात्रीचं एक आपल्याकडे ठेवलेलं बरं. आणि योग्य माणसाला योग्य वेळी दिलेली साधी गोळी किती मोठं काम करते याचे भक्कम पुरावे आहेत. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची चाचणी प्रसिद्ध झाली. आधीच्या गर्भात मेंदू किंवा मणक्याचा जन्मजात दोष आढळलेल्या स्त्रियांना पुढच्या गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, तर तोच दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. रक्तात लोह कमी असेल, बी-१२ खाली गेलेलं असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल आणि त्याने बी-१२ घटलं असेल, तर गोळी घ्यावीच लागते. तिथे वाद नाही.

वाद सुरू होतो तो कमतरता दाखवल्याशिवाय दिलेल्या डब्यापासून. "थकवा आहे ना, मग हे घ्या." "या वयात प्रत्येकाने घ्यायला हवं." इथे आपला पहिला प्रश्न हवा: माझ्या कुठल्या रिपोर्टवरून हे ठरवलंत? ड जीवनसत्त्वाचंच बघा. अमेरिकेतल्या व्हायटल नावाच्या चाचणीत २५,८७१ लोक होते. कमतरता आहे म्हणून निवडलेले नव्हते, साधारण निरोगी प्रौढ होते. रोज २००० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक) ड जीवनसत्त्व घेऊनही त्यांच्यात कॅन्सरचं किंवा हृदयविकाराच्या झटक्यासारख्या मोठ्या घटनांचं प्रमाण घटलं नाही, असा निष्कर्ष २०१८ साली आला. हाडं मोडण्याचं प्रमाणही कमी झालं नाही, हे २०२२ मध्ये कळलं. याचा अर्थ ड जीवनसत्त्व निरुपयोगी आहे असा नाही. ज्याला गरज आहे त्याला ते उपयोगी पडतं, आणि सरसकट सगळ्यांना दिलं की तो उपयोग दिसत नाही.

"फायदा नाही झाला तरी तोटा काय होणार?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याची चीड येते. तोटा होतो. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. बीटा कॅरोटीनने, म्हणजे शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं त्या घटकाने, फुप्फुसाचा कॅन्सर टळेल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त आढळला. रोज ४०० आययू ई जीवनसत्त्व घेतल्याने प्रोस्टेटचा कॅन्सर टळेल अशीही अपेक्षा होती. पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत २०११ साली दिसलं ते उलटंच: तो कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढलेला. ही जीवनसत्त्वंच होती, विष नव्हतं. मोठ्या मात्रेत, गरज नसताना, रोज घेतली गेली.

बी-६ चंही तसंच. हातापायाला मुंग्या येतात म्हणून "नसांसाठी" दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते बऱ्याचदा भरपूर असतं, आणि जास्त मात्रा दीर्घकाळ घेतली तर त्यानेच मुंग्या येतात, बधिरपणा येतो. माणूस त्रास वाढला म्हणून गोळी वाढवतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. आपल्या डब्यावर किती लिहिलंय ते एकदा बघाच.

बायोटिन या जीवनसत्त्वाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण केस आणि नखांसाठी म्हणून ते सर्रास दिलं जातं आणि त्याचा धोका फारसा कुणी सांगत नाही. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. केसांच्या कॅप्सूलमध्ये ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम असणं नेहमीचं आहे. रक्ताच्या कित्येक चाचण्यांच्या पद्धतीतच बायोटिनचा वापर होतो, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की निकाल चुकतो. थायरॉइड ठणठणीत असताना ते जास्त काम करतंय असा रिपोर्ट येऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे, हृदयविकाराच्या झटक्यात तपासतात त्या ट्रोपोनिनचा आकडा खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, आणि त्यात अशा चुकीच्या ट्रोपोनिन निकालानंतर झालेल्या एका मृत्यूची नोंद होती. जो डॉक्टर केसांसाठी हे विकतो, त्याने रक्त तपासायच्या काही दिवस आधी ते बंद करायला सांगायलाच हवं. सांगतो का? तुम्हाला सांगितलं होतं का?

आता डब्यात खरंच काय आहे याकडे. डॉक्टरांचं ज्ञान इथे फारसं कामाचं नाही. ते चांगले निदान करणारे असतील, पण कॅप्सूलमध्ये काय भरलंय ते त्यांनी प्रयोगशाळेत तपासलेलं नसतं. त्यांनाही कंपनीच्या माणसाने सांगितलेलंच ठाऊक असतं. कधी कधी तर कारखान्यात तयार झालेल्या एकाच मालावर वेगवेगळ्या ब्रँडची लेबलं लागतात, त्यातलं एखादं डॉक्टरांच्या स्वतःच्या नावाचंही असतं. "प्रोफेशनल ग्रेड", "फार्मा ग्रेड", "फक्त डॉक्टरांमार्फत" हे शब्द जाहिरातीचे आहेत. त्यांच्यामागे दर्जाची कुठलीही ठरलेली कसोटी नाही.

डब्यावरची "जीएमपी" (गुड मॅन्युफॅक्चरिंग प्रॅक्टिस) ही अक्षरंही अनेकांना पुरेशी वाटतात. त्यांचा अर्थ कारखान्याची पद्धत नियमांप्रमाणे आहे, इतकाच. तुमच्या हातातली बॅच कुणी बाहेरच्याने तपासली, असा त्यांचा अर्थ होत नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी त्याची परिणामकारकता सिद्ध करून सरकारी मंजुरी घ्यावी लागत नाही. याचं काय होतं? २०२३ मध्ये तिथल्या संशोधकांनी झोपेसाठी घेतात त्या मेलाटोनिनची २५ गमी (चघळायच्या गोळ्यांची) उत्पादनं तपासली. २२ मध्ये लेबल आणि आतला माल जुळला नाही. मेलाटोनिनचं प्रमाण लेबलच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत होतं, आणि एकात तर ते सापडलंच नाही. म्हणून त्रयस्थ तपासणीचा शिक्का बघायचा, यूएसपी किंवा एनएसएफसारख्या स्वतंत्र संस्थेचा. यूएसपीच्या शिक्क्यासाठी घटक लिहिले तेच आहेत का, तेवढेच आहेत का, शिसं वगैरे जड धातू घातक प्रमाणात नाहीत ना आणि गोळी पोटात ठरलेल्या वेळात विरघळते का, हे सगळं तपासलं जातं. शेवटची गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. गोळी विरघळलीच नाही तर लेबलवरचा आकडा कितीही खरा असो, शरीराला काही मिळत नाही. शिक्का नसेल तर त्या बॅचचा तपासणी अहवाल मागा. विश्वासाने विकणाऱ्या डॉक्टरला तो कंपनीकडून मिळवणं अवघड नसतं. मात्र हा शिक्का फक्त आत काय आहे ते सांगतो. ते तुम्हाला हवंय का, हे तो सांगत नाही.

लेबल वाचताना पुढचा मोठा आकडा सोडून मागचा छोटा तक्ता बघा. खरी किंमत तिथे कळते. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, कारण त्यात कॅल्शियम ४० टक्केच असतं. सायट्रेटमध्ये साधारण २१ टक्के. म्हणून गोळ्यांच्या संख्येवरून तुलना केली की फसगत होते. वर कार्बोनेट जेवणासोबत घ्यावं लागतं, सायट्रेट रिकाम्या पोटीही चालतं, आणि पोटातलं आम्ल कमी करणारी औषधं चालू असणाऱ्यांसाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो. माशाच्या तेलाची कॅप्सूल १००० मिलिग्रॅमची असली तरी साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए हे कामाचे ओमेगा-३ घटक मिळून ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, बाकी नुसतं तेल. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये मॅग्नेशियम भरपूर, पण शोषलं जातं कमी. आणि "खास मिश्रण ८०० मिलिग्रॅम" असं लिहून खाली दहा-बारा वनस्पतींची नावं दिली असतील, कुणाचं किती ते नसेल, तर तो डबा मी परत ठेवते. ज्याची मात्रा लपवली आहे त्याची किंमत कशी ठरवायची? दुसऱ्या औषधांशी त्याचं जुळेल का, हे तरी डॉक्टरांना कसं कळणार?

मी हिशेब असा मांडते: मला रोज प्रत्यक्ष किती घटक हवा, तो या डब्यातून किती दिवस मिळेल, आणि तेवढाच घटक, तेवढ्याच विश्वासाच्या तपासणीसह, बाहेर किती पैशांत मिळतो. डॉक्टरांचा डबा थोडा महाग असेल तर हरकत नाही. पण घटक तोच, मात्रा तीच, शिक्का कुठलाच नाही आणि पैसे मात्र कितीतरी पटीने जास्त, तर तो वरचा पैसा मी कशासाठी देतेय? त्यांच्या सल्ल्याची फी मी आधीच दिलेली असते.

हे डॉक्टरांना विचारणं म्हणजे त्यांचा अपमान नव्हे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या आचारसंहितेतच लिहिलंय की, ज्याच्या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही असं उत्पादन डॉक्टरांनी विकू नये, विक्रीत आपला आर्थिक फायदा काय आहे ते पेशंटला सांगावं, आणि तेच किंवा तशाच तोडीचं उत्पादन दुसरीकडे मिळतं हेही सांगावं. म्हणजे "यात तुमचा काही वाटा असतो का?" हा प्रश्न आपण न विचारताच त्याचं उत्तर मिळायला हवं होतं.

आणि आपली बाकीची औषधं सांगायला विसरू नका. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्याने न विचारता के जीवनसत्त्व असलेलं काही सुरू करू नये. उदासीनतेसाठी घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने तर गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि अवयव प्रत्यारोपणानंतरच्या औषधांचाही परिणाम कमी होतो.

मला ज्यांच्याबद्दल आदर वाटतो ते डॉक्टर ब्रँडऐवजी घटकाचं नाव, त्याचा प्रकार, रोजची मात्रा आणि किती आठवडे घ्यायचं ते कागदावर लिहून देतात. कुठून घ्यायचं ते पेशंटवर सोडतात. रक्त पुन्हा कधी तपासायचं त्याची तारीखही घालतात, आणि त्या दिवशी आकडा ठीक आला की गोळी बंद करायला स्वतःहून सांगतात. हे वाचणाऱ्या डॉक्टरांना माझं एवढंच सांगणं आहे: तुमच्या कपाटात डबे असतील तर राहू द्या, पण तेवढा कागद प्रत्येकाला लिहून द्या.