फ्रिज नव्हे, खण मोजा

नमस्कार.

ठाण्यातल्या आमच्या स्वयंपाकघरातला बिल्ट-इन, म्हणजे कपाटाच्या आत बसवलेला, फ्रिज बदलला त्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की जुन्या फ्रिजच्या मापाचा नवा आणला की झालं, तो कपाटाच्या ज्या खणात बसतो त्याची मापं काढत बसायला नको. स्कर्टिंगला, म्हणजे कपाटाच्या तळाच्या पट्टीला, हवेसाठी जाळी पाडायला सांगून मी वाचकांना सुताराच्या खर्चात घालते. आणि एवढं करून अडत असेल तर साधा फ्रिज त्याच खणात सरकवावा. लेख शेवटपर्यंत वाचून लिहिलंत हे दिसतं, म्हणून सविस्तर उत्तर देते.

जुन्या फ्रिजच्या मापावर मीही विसंबले आणि तिथेच फसले. जुना 541 मिलिमीटर रुंद होता, नवा 558. दोघांच्याही कागदावर खण मात्र 560 चाच. फरक दाराच्या जोडणीत आहे. जुन्यात कपाटाचं दार स्वतःच्या बिजागऱ्यांवर फिरायचं आणि फ्रिजच्या दाराला सरकत्या पट्टीने जोडलेलं होतं. नव्यात ते थेट फ्रिजच्या दारावर स्क्रूने बसतं, कपाटाच्या बिजागऱ्या काढाव्या लागतात. हे मूळ लेखात लिहायचं राहिलं, ती माझी चूक.

नवा फ्रिज तळाशीच अडला आणि दोन दिवस हॉलमध्ये उभा राहिला. टेप लावली तर खण वर आणि मध्ये बरोबर 560, खाली 554. लादी पुसतानाचं पाणी पिऊन प्लाय फुगली होती; सनमायकाच्या कडेला नखाने दाबलं तर मऊ लागायची. सुतार म्हणाला, "ताई, दोन सूत खाल्लंय." जुना फ्रिज अंगाने बारीक, त्यामुळे ते दोन सूत, म्हणजे सहाएक मिलिमीटर, आम्हाला कधी कळलेच नव्हते. फ्रिज किती लिटरचा यावरून तर ते मुळीच कळत नाहीत.

जाळीबद्दलचा शब्द मात्र मी मागे घेणार नाही. फ्रिज आतली उष्णता पाठीकडून बाहेर टाकतो, आणि बिल्ट-इनची पाठ कपाटात कोंडलेली असते. खालून हवा आत, मागच्या चार-पाच सेंटिमीटरच्या पोकळीतून वर आणि माथ्यावरून बाहेर, एवढी वाट तिला हवीच. कंपन्यांच्या कागदांवर खाली आणि वर साधारण 200 चौरस सेंटिमीटर उघडं ठेवायला सांगितलेलं असतं, म्हणजे 50 सेंटिमीटर लांब आणि 4 सेंटिमीटर रुंद फट. आमच्याकडे वरची फळी ठोकून बंद केलेली होती. मे महिन्यात कॉम्प्रेसर थांबायचाच नाही, आणि जुना फ्रिज ओढून काढला तेव्हा मागच्या प्लायवर काळपट पट्टा पडला होता. फ्रिजच्या आतल्या स्टिकरवर हवामानाचा वर्ग असतो, म्हणजे भोवतालची हवा किती तापेपर्यंत तो नीट चालेल ते: एन 32 अंशांपर्यंत, एसटी 38, टी 43. ठाण्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि फ्रिजच्या लेखी हवा म्हणजे त्या कपाटातली हवा. टी वर्गाचा घेऊन त्याची वाट बुजवली तर त्या वर्गाचा काय उपयोग?

साधा फ्रिज सरकवायचा तर आधी, तो चालू असताना, त्याच्या बाजूच्या पत्र्याला हात लावून बघा. बऱ्याच मॉडेलांत गरम नळ्या त्या पत्र्याखालीच असतात. त्याला दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते, आणि 560 च्या खणात ती उरत नाही.

तुमचाही फ्रिज बदलायचा आहे असं लिहिलंत. ऑर्डर देण्याआधी स्कर्टिंग काढून खणाचं अगदी तळाचं माप घ्या आणि इथे कळवा, आपण मिळून बघू.