ढवळू नका, झाकण उचलू नका

गॅलिशियन (वायव्य स्पेनमधल्या गॅलिशिया प्रांतातलं), पोर्तुगीज आणि स्पॅनिश या तिन्ही स्वयंपाकघरांत ‘गिसार’ चालतं: कांदा तेलात मऊ करायचा आणि त्यात मांस, मासे किंवा वाटाणे बेताच्या रसात मंद आचेवर शिजवायचे. चर्र फोडणीवर पोसलेल्या आपल्या हाताला ही सक्तमजुरी नव्हे, साधी कैद वाटते. तीच जास्त जड जाते, कारण हाताला कामच नसतं.

पाऊण किलो मांस आधी कोरडं पुसून, दोन-तीन घाण्यांत लालसर परतून बाजूला काढा. सगळं एकदम ओतलंत तर पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी उकडतं. मग त्याच पातेल्यात चार टेबलस्पून ऑलिव्ह तेल, दोन मोठे कांदे, चिमूटभर मीठ. वीस मिनिटं. पाककृतीत ‘पाच मिनिटं’ लिहिणाऱ्याने कांदा पाहिलेला नसावा. तो लाल करायचा नाही, नुसता पारदर्शक, लोळागोळा व्हायला हवा. इथेच आपला हात गॅसच्या बटणाकडे जातो. जाऊ देऊ नका.

नंतर लसूण, आणि पातेलं खाली उतरवून चमचाभर पिमेंतोन. ही मिरचीपूड; स्पेनमधल्या ला वेरा भागातली असेल तर ओकच्या धुरावर वाळवलेली. आचेवर टाकलीत तर काही सेकंदांत करपून कडूजहर होते. लगेच दीडशे मिली व्हाइट वाइन ओतून निम्मी आटवा. न आटवलेल्या वाइनची कच्ची चव रसात उरते. तमालपत्र लॉरेलचं, म्हणजे युरोपातलं बे लीफ हवं. आपल्याकडच्या तमालपत्राला दालचिनीचा वास येतो.

आता मांस, ते जेमतेम बुडेल एवढं पाणी, झाकण. दीड तास. कडेला एखाद-दुसरा बुडबुडा पुरे. खळखळ उकळलं तर मांस आवळून चिवट होतं. शेवटच्या अर्ध्या तासात बटाटे. ते पूर्ण चिरायचे नाहीत: सुरी अर्धी खुपसायची आणि पिळून तुकडा ‘कट्’ मोडायचा. खडबडीत कडांमधून पिष्ट (स्टार्च) सुटतं, रस दाट होतो. गॅलिशियात हे कोणी समजावत बसत नाही, करतात.

कुकर? स्पेनमध्येही घरोघरी असतो, पण त्यात रस आटत नाही. तेव्हा शिट्ट्या मोजून झाल्यावर झाकण काढून पंधरा मिनिटं उभं राहावंच लागतं. तरीही पातळ राहिलं तर बटाट्याच्या दोन फोडी पातेल्याच्या कडेला चेचून मिसळा. कॉर्नफ्लोअरचा डबा कृपया खाली उतरवू नका.