परवाना संपला म्हणून माणूस चोर होत नाही

गेल्या महिन्यात ओळखीच्या एकावर केस झाली. परवान्याची मुदत संपली होती, नूतनीकरण राहून गेलं होतं. दंड भरला, विषय मिटला. पण लोक 'गुन्हेगार' हा शब्द असा उच्चारत होते, जणू त्याने कुणाचं घर फोडलं. फार वाईट वाटलं.

कायद्यात या फरकाला जुनी लॅटिन नावं आहेत. 'मालुम इन से' म्हणजे मुळातच वाईट: खून, बलात्कार, चोरी. 'मालुम प्रोहिबिटुम' म्हणजे मनाई आहे म्हणून गुन्हा. रस्त्याच्या कुठल्या बाजूने गाडी चालवायची यात पाप-पुण्य नाही. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाचपर्यंत डावी बाजू बरोबर होती, मग उजवी झाली. म्हणून नियम फालतू ठरत नाही, हेही खरं. समोरचा त्याच नियमाच्या भरवशावर येत असतो, आणि तो भरवसा जाणूनबुजून मोडणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

मला मोरिसेट खटला आठवतो. अमेरिकेत १९४८ साली मोरिसेट नावाचा एक माणूस हरणाच्या शिकारीला गेला. हवाई दलाच्या बाँबफेकीच्या सरावाच्या जागेवर रिकामी बाँबकवचं ढिगाने गंजत पडलेली. शिकार तर मिळाली नाही, निदान खर्च निघेल म्हणून त्याने ती ट्रकमध्ये भरली, चेपून सपाट केली आणि ८४ डॉलरला भंगारात विकली. दिवसाढवळ्या, काही न लपवता. टाकून दिलेला माल, असं तो धरून चालला होता. तरी सरकारी मालमत्ता लाटल्याबद्दल तो दोषी ठरला. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा: अन्न-औषधांच्या नियमांसारख्या बाबतीत हेतू न बघता शिक्षा होऊ शकते, पण चोरीचा शिक्का मारायचा तर मनात चोरी होती का, हे बघावंच लागेल.

हेच जॅक्सन १९४५-४६ मध्ये नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता होते! तिथल्या न्यायाधिकरणाच्या सनदेत स्पष्ट होतं की मानवतेविरुद्धची कृत्यं त्या देशाच्या कायद्याने गुन्हा असोत वा नसोत, शिक्षेला पात्रच. हुकूम होता म्हणून सुटका नाही. मनात चोरी नसेल तर चोर म्हणू नका, आणि मुळातच वाईट असेल तर कायद्याआड लपू देऊ नका: एका माणसाने ही दोन्ही टोकं सांभाळली, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आपण मात्र एकच शब्द सगळ्यांना लावतो. तो ओळखीचा माणूस हल्ली मान खाली घालून जातो. तुमच्यापैकी काही जण त्याला ओळखता. भेटला तर आधीसारखंच थांबून बोला त्याच्याशी.