घंटा काचेतून बघा आणि बसमध्ये बसा

पुण्या-मुंबईच्या पर्यटन कंपन्यांची अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या सहलीची पत्रके चाळून पाहा. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि नायगारा यांच्या वर्णनात पाने खर्ची पडलेली असतात आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी एका ओळीत फिलाडेल्फिया असते. ‘ऐतिहासिक फिलाडेल्फिया’ असे ठळक छापलेले असते, शेजारी इंडिपेंडन्स हॉलच्या मनोऱ्याचा निळ्या आकाशातला फोटो असतो आणि मनोऱ्याच्या आत तुम्हाला कोणी नेणार नाही, ही गोष्ट भिंग घेऊन वाचावी लागेल अशा टायपात खाली कुठेतरी दडवलेली असते. ज्या शहरात अमेरिका नावाचे राष्ट्र कागदावर जन्मले, त्या शहराला आमच्या सहलीने पाऊण तास दिला. त्या पाऊण तासात स्वच्छतागृहाची रांग धरलेली आहे.

त्या दिवशीचा कार्यक्रम असा होता. ‘न्यूयॉर्कचे हॉटेल’ म्हणून जे दिले होते ते प्रत्यक्षात नदीपलीकडे न्यू जर्सीत होते. तिथून सकाळी आठला निघायचे ठरले आणि साडेनऊला निघालो, कारण पुढच्या आसनांची अदलाबदल कशी व्हायची यावरून दोन कुटुंबांत वाद झाला आणि तो मिटवण्यात सहल व्यवस्थापकांनी सगळे कौशल्य पणाला लावले. बस सुटल्यावर गणपतीची आरती झाली, मग हाऊजी झाली, मग अंताक्षरी झाली. पुढे एका भारतीय उपाहारगृहात बुफे जेवण होते. तिथे आमच्याआधी दोन बसगाड्या येऊन थांबलेल्या असल्यामुळे पनीर आणि जिलबी यांच्यासाठी आम्ही सव्वा तास दिला. त्या सव्वा तासाबद्दल कोणी घड्याळ दाखवले नाही. बस शहरात शिरली, फिफ्थ स्ट्रीटचा फलक दिसला आणि लगेच माइकवरून आवाज आला, ‘मंडळी, ड्रायव्हरचे तास भरत आलेत, बरोबर पंचेचाळीस मिनिटांत सगळे इथेच हवेत.’

ड्रायव्हरचे तास हे सहल व्यवस्थापकांचे ब्रह्मास्त्र आहे. ते काढले की प्रवासी गप्प होतात, कारण परदेशातला कायदा कोणाला ठाऊक असतो? प्रवासी बसच्या चालकाने सलग आठ तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त दहा तास गाडी चालवावी आणि कामाचे एकूण पंधरा तास भरल्यावर चाकाला हात लावू नये, असा अमेरिकेतला नियम आहे आणि तो उत्तम नियम आहे. पण न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया दीडशे किलोमीटर आणि फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन सव्वादोनशेच्या आसपास. वाहतुकीची कोंडी धरली तरी दोन्ही मिळून पाच-सहा तासांचे काम. दहा तास कुठून भरत आले? खरे कारण असे की रात्रीचे जेवणही भारतीय उपाहारगृहातच आणि ठरल्या वेळीच व्हायचे होते. ते सरळ सांगायची हिंमत नसल्यामुळे बिचाऱ्या ड्रायव्हरच्या नावावर पावती फाडली गेली.

लिबर्टी बेल, म्हणजे स्वातंत्र्याची घंटा, हिच्या दालनात शिरायला पैसे लागत नाहीत, तिकीटही लागत नाही, फक्त सुरक्षा तपासणीची रांग असते. ती रांग पाहून आमच्या व्यवस्थापकांनी झेंडा उंचावला आणि सगळ्यांना इमारतीच्या बाजूला नेले. तिथे एक मोठी काच आहे आणि तिच्यातून आतली घंटा दिसते. ‘इथून फोटो छान येतो, आत जाऊन वेळ घालवू नका,’ असा हुकूम झाला. मग माणसे एकामागून एक त्या काचेला मोबाईल लावू लागली. बाहेर ऊन होते, त्यामुळे प्रत्येकाच्या फोटोत घंटेपेक्षा स्वतःचाच हात, टोपी आणि मागे उभ्या असलेल्या काकूंची जांभळी पर्स ठळक आली. एक काका वैतागून म्हणाले, ‘फुटकी घंटा बघायला एवढ्या लांब आणलं होय?’ त्यांचा राग मला पटला. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते.

सांगण्यासारखे काय नव्हते? ही घंटा 1752 साली लंडनहून आली आणि पहिल्याच चाचणीत तडकली. मग पास आणि स्टो या दोन स्थानिक कारागिरांनी ती वितळवून 1753 मध्ये पुन्हा ओतली. त्यांची नावे घंटेवर आहेत आणि पेनसिल्व्हेनियाच्या इंग्रजी नावात एक ‘एन’ कमी आहे, तोही तिथेच वाचता येतो. आज फोटोत दिसणारी ती रुंद फट म्हणजे मूळ तडा नव्हे. तड्याच्या कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून 1846 मध्ये त्या मुद्दाम रुंद केल्या, म्हणजे ती दुरुस्ती आहे. दुरुस्तीनंतर दुसरा तडा गेला आणि घंटा कायमची मुकी झाली. तिला ‘लिबर्टी बेल’ हे नाव दिले ते राष्ट्र उभारणाऱ्या पुढाऱ्यांनी नव्हे, तर 1830 च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी. हे सगळे सांगायला चार मिनिटे पुरतात. त्याहून कितीतरी जास्त वेळ बसमध्ये हाऊजीचे आकडे पुकारण्यात गेला.

इंडिपेंडन्स हॉलचे प्रकरण तर अधिकच संतापजनक आहे. आत जायला वेळ ठरवून तिकीट घ्यावे लागते आणि ते आधी ऑनलाइन राखून ठेवले तर माणशी एक डॉलर पडतो. एक डॉलर! जी कंपनी ड्रायव्हर आणि व्यवस्थापक यांच्या बक्षिसीपोटी रोजचे डॉलर आमच्याकडून निघण्यापूर्वीच सक्तीने वसूल करते, तिला माणशी एक डॉलर भरून तिकिटे काढून ठेवता आली नाहीत. आतली फेरी जेमतेम अर्ध्या तासाची असते. ‘आत काय आहे?’ असे मी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘काही नाही हो सर, रिकाम्या खुर्च्या आणि टेबलं.’

त्याच खोलीत 4 जुलै 1776 रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच खोलीत 17 सप्टेंबर 1787 रोजी अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या. त्या घटनेची सुरुवात ‘आम्ही लोक’ अशी होते आणि आपल्या घटनेची उद्देशिका ‘आम्ही भारताचे लोक’ अशी सुरू होते, हे शाळेत नागरिकशास्त्र शिकलेल्या कोणालाही जाणवेल. त्या रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीवर घटना परिषदेचे अध्यक्ष म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन बसत आणि तिच्या पाठीवर सोनेरी अर्धा सूर्य कोरलेला आहे. तो उगवता की मावळता हे आपल्याला इतके दिवस कळत नव्हते, आता कळले की उगवता आहे, अशा अर्थाचे बेंजामिन फ्रँकलिन सह्या होताना म्हणाले होते. फर्निचरची दुकाने आम्ही पुण्यातही पाहिली आहेत. लाखो रुपये भरून अमेरिकेला आलो ते नेमकी हीच खुर्ची पाहायला. पंढरपुरापर्यंत नेऊन कळसाला हात जोडायला लावायचे आणि वर ‘दर्शन छान झाले ना?’ असे विचारायचे, त्यातलाच हा प्रकार.

या धावपळीत सर्वांत वाईट गोष्ट कुठे घडली म्हणाल, तर डोकी मोजायला आम्हाला जिथे उभे केले तिथे. सिक्स्थ आणि मार्केट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर विटांच्या अर्धवट भिंती आणि खिडक्यांच्या चौकटी उभ्या आहेत. आमच्यातल्या काहींनी त्या भिंतीवर पिशव्या टेकवल्या आणि चिवड्याचा डबा उघडला. फिलाडेल्फिया राजधानी होते त्या काळात राष्ट्राध्यक्ष जिथे राहत, त्या घराची ती जागा. वॉशिंग्टन यांनी तिथे नऊ गुलाम माणसे ठेवली होती. पेनसिल्व्हेनियाच्या 1780 च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राज्यात राहिला की त्याला स्वातंत्र्य मागता येत असे. ती मुदत भरू नये म्हणून या माणसांना मधूनमधून राज्याबाहेर हलवले जाई. ओना जज नावाची तरुणी 1796 मध्ये त्या घरातून निसटली आणि पुन्हा कधीही त्यांच्या हाती लागली नाही. स्वातंत्र्याच्या घंटेपासून ही जागा हाकेच्या अंतरावर आहे. त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी पाहिल्या की माणूस विचारात पडतो. पण विचारात पडलेला माणूस वेळेवर बसमध्ये चढत नसावा, म्हणून त्याला पाडायचेच नाही, असे धोरण दिसते.

आता मुख्य गोष्ट. ही कंपनी स्वतःला मराठी म्हणवते, पत्रकात मराठी माणसाचा जिव्हाळा वगैरे छापते, परदेशात पुरणपोळी खाऊ घातल्याचे फोटो मिरवते. त्या बसमधले बहुतेक सगळे मराठी होते. आणि ज्या शहरात आम्ही उभे होतो, तिथेच आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, याचा उल्लेख माइकवरून एकदाही झाला नाही. कल्याणची ही मुलगी अठराव्या वर्षी, नवरा बरोबर नसताना, बोटीने अमेरिकेला आली. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात तिने शिक्षण घेतले आणि 11 मार्च 1886 रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षात, पदवी मिळवली. अमेरिकेत डॉक्टर झालेली ती पहिली भारतीय स्त्री. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. पुढे अमेरिकाभर हिंडून त्यांनी त्या देशाविषयी मराठीत अख्खे पुस्तक लिहिले, ते 1889 साली प्रसिद्ध झाले. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांच्या घरच्या स्वागत समारंभाच्या दिवशी, 1885 मध्ये, काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे: साडी नेसलेल्या आनंदीबाई, शेजारी किमोनोतली जपानची केइको ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबूली. थंडीने, आजाराने आणि खाण्याच्या हालांनी आनंदीबाई खंगत गेल्या, 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या आणि डॉक्टरकी करायचे राहूनच गेले.

ते कॉलेज त्या काळी उत्तरेकडे गिरार्ड कॉलेजच्या शेजारी होते. तिकडे बस वळवा असा हट्ट मी धरत नव्हतो. जेवण झाल्यावर शहरात शिरताना माइकवर तीन वाक्ये बोलायला हरकत काय होती? मी तसे सुचवले, तेव्हा व्यवस्थापक हसून म्हणाले, ‘सर, ते तुम्ही सांगा ना, अंताक्षरीच्या आधी दोन मिनिटं देतो.’ म्हणजे पैसे मी भरायचे, माहितीही मीच द्यायची, आणि तीसुद्धा यांच्या वेळापत्रकात बसली तर. मी सांगितले. बसमधल्या दोन-तीन मुलींनी प्रश्न विचारले, एका आजींनी डोळे पुसले, आणि दोन मिनिटे संपताच पाठीमागून ‘म’ अक्षर आले.

यावर नेहमीचे उत्तर तयारच असते: लोकांनाच हे नको असते, लोकांना खरेदी हवी, नायगारा हवा, वरण-भात हवा. हर्शीच्या चॉकलेटच्या दुकानाला पत्रकात अडीच तास आहेत आणि तिथे कोणी ड्रायव्हरचे तास मोजत नाही, हे खरे. पण लोकांना नको आहे हे कोणी कधी विचारून पाहिले? ज्येष्ठ माणसे आयुष्यभराच्या पुंजीतून या सहलीला येतात. त्यांना गुडघे दुखतात, इंग्रजी उच्चार कळत नाहीत, एकटे फिरणे जमत नाही, म्हणूनच ती कंपनीबरोबर येतात. दोनशे वर्षांपूर्वीची वीटबांधणीची घरे, एल्फ्रेथ्स ॲलीसारखी आजही माणसे राहत असलेली अरुंद गल्ली, फिफ्थ आणि आर्चच्या कोपऱ्यावर कुंपणाच्या गजांतून दिसणारी फ्रँकलिन यांची कबर आणि तिच्यावर टाकलेली नाणी, हे सगळे त्या घंटेपासून म्हाताऱ्या माणसालाही सावकाश चालत जाता येईल इतके जवळ आहे. एक मुक्काम या शहरात ठेवला तर काय बिघडते? बिघडते एवढेच, की शहरातले हॉटेल महाग आणि महामार्गाकडेचे स्वस्त. मग पत्रकात तसे लिहा.

जाहीरनाम्याला 2026 मध्ये 250 वर्षे होतात, तेव्हा ‘ऐतिहासिक’ या शब्दाचा टाइप आणखी मोठा होणार यात मला शंका नाही. शेवटच्या दिवशी बसमध्ये अभिप्रायाचा कागद वाटला गेला. जेवण, हॉटेल, बस आणि व्यवस्थापकांची वागणूक यांना तारे द्यायचे होते. पाहिलेल्या, किंवा न पाहिलेल्या, स्थळांसाठी रकानाच नव्हता. मी कागदाच्या मागच्या बाजूला लिहिले: प्रत्येक शहराच्या नावापुढे तिथे प्रत्यक्ष किती मिनिटे मिळणार तो आकडा छापा, जेवणाची वेळ वेगळी दाखवा, आणि जिथे आत नेणार नाही त्या इमारतीचा फोटो छापू नका. व्यवस्थापकांनी कागद उलटून पाहिला नाही. पुढचे तारे मोजले आणि म्हणाले, ‘सर, जेवणाला तीनच?’